दम्याची पेशीविषयक उपपत्ती : एक परीक्षण

(१)

कोणत्याही उपपत्तीची खरी परीक्षा ती जेथे रचली गेली तेथे होत नसते. तिच्या कर्त्यांनी ज्या परिस्थितीचा विचार केला नव्हता, त्या परिस्थितीत ती कितपत टिकते हे पाहिल्यावाचून तिच्या व्याप्तीविषयी निश्चितपणे काही बोलणे योग्य नव्हे. दम्याची आज रूढ असलेली पेशीविषयक उपपत्ती मुख्यतः युरोप व अमेरिका येथील रुग्णालयांत, तेथील रुग्णांच्या श्वासनलिकांतून काढलेल्या ऊतींच्या सूक्ष्म तुकड्यांवरून आणि प्रयोगशाळेतील उंदरांवरून सिद्ध झाली. आपल्याकडील वर्गांत ती जवळजवळ जशीच्या तशी शिकविली जाते. ती खोटी आहे असे आमचे म्हणणे नाही. ती अपुरी आहे, आणि तिचा अपुरेपणा जेथे ठळकपणे दिसतो ते ठिकाण आपल्यापासून फार दूर नाही.

यवतमाळहून धामणगावकडे जाणाऱ्या रस्त्यावरचे बाभुळगाव हे कापसाच्या मुलखातील एक तालुक्याचे गाव. अशा गावातील डॉक्टरापुढे छातीत घरघर आणि धाप घेऊन कोणकोणते रुग्ण येऊ शकतात, याचा नमुन्यादाखल विचार करावा. लहानपणापासून शिंका, सर्दी व अंगाची खाज यांनी हैराण झालेला शाळकरी मुलगा हा पहिला. हंगामात जिनिंगमध्ये राबणारा मजूर हा दुसरा. रात्री दोन-तीनच्या सुमारास खोकल्याने उठून बसणारा, आणि ज्याच्या रक्तात इओसिनोफिल पेशी अतोनात वाढलेल्या आहेत असा तरुण हा तिसरा. पऱ्हाटीवर फवारणी करून आलेला शेतमजूर हा चौथा. तुराट्या-पऱ्हाट्यांच्या धुरात वर्षानुवर्षे स्वयंपाक करीत आलेली गृहिणी ही पाचवी. पाचांचीही छाती सारखीच वाजते. पाचांनाही घरचे लोक ‘दमा आहे’ असेच म्हणतात. रूढ उपपत्ती यांतील पहिल्याचे उत्तम स्पष्टीकरण करते. उरलेल्या चौघांविषयी ती काय सांगते, हा प्रस्तुत परीक्षणाचा विषय आहे.

(२)

प्रथम या उपपत्तीची मांडणी तिला अन्याय न होईल अशा रीतीने करणे अवश्य आहे. तिचा इतिहास एरलिख यांच्यापासून सुरू होतो. त्यांनी १८७८ मध्ये मास्ट पेशींचे आणि १८७९ मध्ये इओसिनोफिल पेशींचे वर्णन केले. त्याआधीच, १८७२ मध्ये, लायडेन यांना दमेकऱ्यांच्या कफात टोकदार स्फटिक आढळले होते. इओसिनोफिलमधील एका प्रथिनाचे ते स्फटिक आहेत हे पुढे कळून आले. १९२१ मध्ये प्राउस्निट्स यांनी आपले सहकारी क्यूस्टनर यांचा रक्तद्रव स्वतःच्या त्वचेत टोचून घेतला, आणि क्यूस्टनर यांना असलेले माशांचे वावडे त्या जागेपुरते आपल्यात उतरवून दाखविले. वावड्याला कारण होणारे काहीतरी रक्तद्रवात असते हे त्यावरून सिद्ध झाले. ते ‘काहीतरी’ म्हणजे आय.जी.ई. हे प्रतिपिंड होय, याचा शोध १९६६-६७ मध्ये इशिझाका दांपत्याने अमेरिकेत आणि योहान्सन व बेनिख यांनी स्वीडनमध्ये लावला. १९८६ मध्ये मॉसमन व कॉफमन यांनी उंदरांतील साहाय्यक टी-पेशींचे दोन वर्ग पाडले. १९९२ मध्ये रॉबिन्सन व त्यांच्या सहकाऱ्यांना दमेकऱ्यांच्या श्वासनलिका धुऊन काढलेल्या द्रवात दुसऱ्या वर्गाच्या टी-पेशींचे प्राबल्य आढळले. येथे साखळी पूर्ण झाली.

ती साखळी अशी : परागकण, धुळीतील किडे किंवा बुरशी यांतील प्रतिजन श्वासाबरोबर आत येतो, टी-पेशी त्याला ओळखतात आणि तीन संदेशद्रव्ये सोडतात. इंटरल्यूकिन-४ मुळे आय.जी.ई. तयार होते, इंटरल्यूकिन-५ मुळे इओसिनोफिल वाढतात, इंटरल्यूकिन-१३ मुळे श्लेष्मा वाढतो. आय.जी.ई.ने सज्ज झालेल्या मास्ट पेशी प्रतिजनाची गाठ पडताच हिस्टामीन व अन्य द्रव्ये ओततात. अरेखित स्नायू आकुंचन पावतात. काही तासांनी इओसिनोफिल येऊन शोथ वाढवितात. या मांडणीत सर्व कर्तेपण रक्तातून आलेल्या प्रतिकारक पेशींकडे आहे. श्वासनलिकेच्या आतल्या बाजूवरील पेशींचा थर, ज्याला परिभाषेत अभिस्तर म्हणतात, तो आणि त्याखालचे स्नायू ही केवळ रणभूमी ठरते. लढाई तेथे होते, पण रणभूमी स्वतः लढत नाही.

या मांडणीचे श्रेय मोठे आहे. तिने दम्याला ‘मनाचा रोग’ या समजुतीतून बाहेर काढले, आणि श्वासावाटे घ्यावयाच्या स्टेरॉइडला शास्त्रीय आधार दिला. तिच्यावर घ्यावयाचे आक्षेप हे श्रेय मान्य करूनच घ्यावयाचे आहेत.

(३)

पहिला आक्षेप इओसिनोफिलविषयी आहे. ही पेशी जर दम्याचे मूळ असेल, तर ती काढून घेतल्यावर दमा ओसरला पाहिजे. २००० मध्ये लेकी व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंटरल्यूकिन-५ ला निष्प्रभ करणारे प्रतिपिंड सौम्य दमेकऱ्यांना दिले. रक्तातील व कफातील इओसिनोफिल झपाट्याने घटले. परंतु प्रतिजन हुंगविल्यानंतरचा श्वासनलिकांचा उशिरा येणारा संकोच कमी झाला नाही, आणि त्यांची अतिप्रतिक्रियाशीलताही तशीच राहिली. आरोपी अटकेत असताना गुन्हा सुरूच राहावा तसा हा प्रकार होता.

रूढ पक्षाने यावर दिलेले उत्तर विचारार्ह आहे. २००३ मध्ये फ्लड-पेज यांनी दाखविले की, त्या औषधाने रक्त स्वच्छ झाले तरी श्वासनलिकेच्या ऊतीतील इओसिनोफिल साधारण निम्मेच घटतात. शिवाय २००९ मध्ये ज्यांच्या कफात इओसिनोफिल खरोखरच वाढलेले आहेत असे रुग्ण निवडून तेच औषध दिले, तेव्हा दम्याचे तीव्र झटके निश्चितपणे कमी झाले. म्हणजे इओसिनोफिल निर्दोष नाहीत. परंतु या उत्तरातूनच एक महत्त्वाचा भेद पुढे आला. त्या रुग्णांचे झटके कमी झाले, पण श्वासनलिकांची अतिप्रतिक्रियाशीलता फारशी बदलली नाही. झटका आणि अतिप्रतिक्रियाशीलता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांचे कर्तेही वेगळे असण्याचा संभव आहे.

हा संभव २००२ मध्येच ब्राइटलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी पुराव्यानिशी मांडला होता. त्यांचा युक्तिवाद पद्धतीच्या दृष्टीने अनुकरणीय आहे. इओसिनोफिलिक ब्रॉंकायटिस नावाचा एक विकार आहे. त्यात खोकला असतो, कफात इओसिनोफिल दम्याइतकेच असतात, अभिस्तराखालचा पडदाही तसाच जाड झालेला असतो; फक्त श्वासनलिका अतिप्रतिक्रियाशील नसतात. दोन विकारांत इतके सर्व समान असताना जे एकात आहे व दुसऱ्यात नाही, तेच अतिप्रतिक्रियाशीलतेचे कारण असले पाहिजे. ऊतीच्या तुकड्यांत पाहता असा भेद एकच ठळक आढळला : दमेकऱ्यांच्या अरेखित स्नायूंच्या आत मास्ट पेशी शिरलेल्या होत्या, दुसऱ्या विकारात त्या तेथे नव्हत्या. येथे लक्षात घ्यावयाचे ते हे की, मास्ट पेशी केवळ असून भागत नाही. ती स्नायूच्या शेजारी जाऊन बसली पाहिजे. तिला तेथे बोलावणारी द्रव्ये स्नायूपेशीच निर्माण करतात. म्हणजे ज्याला आपण रणभूमी समजलो, तिनेच पाहुण्याला निमंत्रण दिलेले असते.

(४)

दुसरा आक्षेप अधिक मूलगामी आहे. तो साखळीच्या आरंभाविषयी आहे. परागकण सर्वांच्याच श्वासात जातात. मग काहींच्याच टी-पेशी दुसऱ्या वर्गाकडे का वळतात? रूढ उपपत्ती येथे ‘प्रकृती’ किंवा ‘आनुवंशिकता’ असे उत्तर देऊन थांबत असे. आनुवंशिकतेचा शोध प्रत्यक्ष घेतला गेला, तेव्हा निघालेले उत्तर तिला फारसे अनुकूल नव्हते. २०१० मध्ये मॉफॅट व त्यांच्या सहकाऱ्यांनी दहा हजारांहून अधिक दमेकऱ्यांच्या जनुकांची तुलना सोळा हजारांहून अधिक निरोगी माणसांशी केली. दम्याशी निगडित ठरलेल्या स्थानांत इंटरल्यूकिन-३३ सारख्या, अभिस्तराच्या पेशींतून बाहेर पडणाऱ्या द्रव्यांची जनुके होती. उलट, रक्तातील आय.जी.ई.चे प्रमाण ठरविणारी स्थाने आणि दम्याची स्थाने यांत फारच थोडे साम्य आढळले. आय.जी.ई.चे वाढणे हे दम्याच्या उत्पत्तीचे प्रमुख कारण नसून बऱ्याच अंशी त्याचे सहगामी लक्षण असावे, असा निष्कर्ष त्यातून निघतो.

अभिस्तराच्या पेशी धुराने, विषाणूने किंवा प्रतिजनातील पाचक द्रव्याने दुखावल्या की तीन द्रव्ये सोडतात : इंटरल्यूकिन-३३, इंटरल्यूकिन-२५ आणि टी.एस.एल.पी. नावाचे तिसरे. या द्रव्यांनी टी-पेशी तर जागृत होतातच. शिवाय २०१० च्या सुमारास उजेडात आलेल्या एका निराळ्या जातीच्या पेशीही जागृत होतात. त्यांना प्रतिजन ओळखता येत नाही, तरीही त्या इंटरल्यूकिन-५ व १३ विपुल निर्माण करतात. परिणामी वावडे मुळीच नसलेल्या माणसातही इओसिनोफिलयुक्त दमा होऊ शकतो. जुन्या साखळीत या रुग्णांना जागाच नव्हती. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत टी.एस.एल.पी.ला अडविणाऱ्या टेझेपेलुमॅब या औषधाने तीव्र दम्याचे वार्षिक झटके ५६ टक्क्यांनी घटले. ज्यांच्या रक्तात इओसिनोफिल दर घन मिलिमीटरला ३०० पेक्षा कमी होते त्यांच्यातही ते सुमारे ४१ टक्क्यांनी घटले. प्रवाहाच्या उगमाशी घातलेला बांध खालच्या एकेका शाखेवरील बांधापेक्षा अधिक व्यापक ठरला.

या संदर्भात एका मराठी संशोधकाच्या कार्याचा उल्लेख केलाच पाहिजे. पुढे पुण्याच्या चेस्ट रिसर्च फाउंडेशनचे संचालक झालेले डॉ. संदीप साळवी इंग्लंडमध्ये साउदॅम्प्टन येथे होलगेट यांच्या संशोधकगटात होते. तेथील व स्वीडनमधील सहकाऱ्यांसह त्यांनी १९९९ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. पंधरा निरोगी माणसांना एक तासभर डिझेलच्या विरळ केलेल्या धुरात ठेवून सहा तासांनी त्यांच्या श्वासनलिकांची तपासणी करण्यात आली. त्यांच्या फुप्फुसांच्या कार्यशक्तीत काहीही फरक दिसला नाही. परंतु ऊतीच्या तुकड्यांत न्यूट्रोफिल, मास्ट पेशी व टी-पेशी वाढलेल्या होत्या, आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींवर या पेशींना धरून ठेवणारे रेणू उमटले होते. वावडे नसलेल्या निरोगी माणसात, लक्षणे दिसण्यापूर्वीच, धुराचा एक तास एवढी उलथापालथ करू शकतो. डिझेलचा धूर व चुलीचा धूर एक नव्हेत हे मान्य करूनही, वर सांगितलेल्या पाचव्या रुग्णाचा विचार करताना या प्रयोगाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

(५)

तिसरा आक्षेप स्नायूंसंबंधी आहे. आकुंचन हा शोथाचा परिणाम आहे, त्यामुळे शोथ आवरला की आकुंचनाची चिंता करण्याचे कारण नाही, अशी रूढ समजूत. २०११ मध्ये ग्रेंज व त्यांच्या सहकाऱ्यांनी सौम्य दमेकऱ्यांचे गट करून काहींना प्रतिजन आणि काहींना केवळ आकुंचन घडविणारे मेथाकोलीन हे द्रव्य वारंवार दिले. इओसिनोफिल फक्त प्रतिजनाच्या गटात वाढले. परंतु अभिस्तराखालील कोलॅजनचा थर दोन्ही गटांत जाड झाला. ज्यांना आधी साल्ब्युटामॉल देऊन आकुंचन होऊ दिले नाही, त्यांच्यात तो झाला नाही. २०२४ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधील संशोधकांनी या प्रक्रियेची आणखी एक पायरी दाखविली : नलिका आवळली गेली की अभिस्तराच्या पेशींची दाटी होते आणि त्या जिवंतपणीच बाहेर ढकलल्या जातात. अस्तर उघडे पडते, शोथाला नवे कारण मिळते.

ज्याला आपण साखळीचा शेवटचा दुवा समजत होतो, तो असा पहिल्या दुव्याला जाऊन मिळतो. साखळीऐवजी रहाटगाडग्याची कल्पना करणे येथे अधिक योग्य ठरेल. आणि गाडग्यांच्या माळेतील पहिले गाडगे कोणते, हा प्रश्न निरर्थक आहे.

(६)

तथापि येथे एका उलट अतिरेकापासून सावध राहिले पाहिजे. अलीकडील काही लेखनात प्रतिकारक पेशींच्या रिकाम्या झालेल्या सिंहासनावर अभिस्तराला बसविण्याची घाई दिसते. तीही तितकीच सदोष आहे. धूम्रपान करणाऱ्या असंख्य माणसांचा अभिस्तर जन्मभर दुखावलेला असतो, तरी त्यांतील बहुतेकांना दमा होत नाही. त्यांना होणारा दीर्घकालीन श्वासरोध हा निराळा रोग आहे. टी.एस.एल.पी.ला अडविणाऱ्या औषधाची दुसरी एक चाचणी २०२२ मध्ये प्रसिद्ध झाली. पोटात घ्यावयाच्या स्टेरॉइडवर अवलंबून असलेल्या रुग्णांत ते स्टेरॉइड कमी करता येते काय, हा तिचा हेतू होता. सर्व रुग्ण एकत्र धरता तो सिद्ध झाला नाही. उगमाशी बांध घातला तरी दीर्घकाळ वाहिलेल्या पाण्याने खाली आपली पात्रे खोदलेली असतात.

या वादात सर्वांत निर्णायक वाटणारा पुरावा २००२ मधील कूपरमन यांच्या प्रयोगाचा आहे. इंटरल्यूकिन-१३ चा संदेश ज्यांच्या फक्त अभिस्तराच्या पेशींनाच ऐकू येईल असे उंदीर त्यांनी तयार केले. श्लेष्मा वाढण्यास आणि नलिका अतिप्रतिक्रियाशील होण्यास तेवढे पुरेसे ठरले. संदेश पाठविणारी पेशी प्रतिकारक वर्गाची, तो अमलात आणणारी अभिस्तराची. दोहोंपैकी एकीला वगळून दम्याचे वर्णन करणे म्हणजे पत्र लिहिणारा आणि वाचणारा यांपैकी एकाला वगळून पत्रव्यवहाराचे वर्णन करणे होय. म्हणून ‘दम्याला जबाबदार पेशी कोणती?’ हा प्रश्न सोडून द्यावा. त्याऐवजी प्रत्येक रुग्णाविषयी तीन प्रश्न विचारावेत : बिघाडाचा आरंभ कोठे झाला, तो कोणत्या पेशींच्या द्वारे पुढे गेला, आणि आता तो कोणत्या ऊतीत मुरला आहे?

(७)

हे तीन प्रश्न घेऊन आता बाभुळगावच्या रुग्णांकडे वळू. पहिल्या मुलाचे स्पष्टीकरण रूढ उपपत्तीने केलेच आहे. उरलेल्यांत तिची कसोटी लागते.

जिनिंगमधील मजुराचा बिघाड कापसाच्या धुळीने सुरू होतो. कापसाच्या पाने-बोंडांच्या चुऱ्यावर वाढणाऱ्या जीवाणूंच्या भिंतीतील एंडोटॉक्सिन हे विष त्या धुळीत असते. १९८७ मध्ये कॅस्टेलन यांनी दाखविले की, श्वासशक्तीतील घट धुळीच्या वजनापेक्षा तिच्यातील एंडोटॉक्सिनच्या प्रमाणाशी अधिक जुळते. येथे आय.जी.ई.ची गरज नसते. अभिस्तराच्या व भक्षक पेशींना ते विष थेट जाणवते आणि त्या न्यूट्रोफिलना बोलावतात. साप्ताहिक सुटीनंतर कामावर आलेल्या पहिल्या दिवशी छाती सर्वांत जास्त आवळते, हे शिलिंग यांनी १९५० च्या दशकात लँकेशायरच्या गिरण्यांत नोंदविलेले लक्षण याच विकाराचे. अशा मजुराला वावड्याची चाचणी करावयास लावणे व्यर्थ. त्याचा खरा उपाय धुळीच्या बंदोबस्तात आहे.

परंतु याच एंडोटॉक्सिनची दुसरी बाजूही आहे. अमेरिकेतील आमिश व हटराइट हे दोन शेतकरी समाज वंशाने जवळचे. पण आमिश मुले गोठ्याच्या सान्निध्यात वाढतात आणि हटराइटांची शेती यंत्रांनी चालते. शाळकरी मुलांतील दम्याचे प्रमाण पहिल्यांत ५.२ टक्के आणि दुसऱ्यांत २१.३ टक्के. २०१६ मधील अभ्यासात आमिश घरांच्या धुळीत एंडोटॉक्सिन सुमारे सातपट आढळले. हे संरक्षण ए-२० नावाच्या प्रथिनाच्या द्वारे अभिस्तरातच घडते, हे २०१५ मध्ये उंदरांवरून दिसून आले होते. बालपणी गोठ्यात जे अभिस्तराला संयम शिकविते, तेच प्रौढपणी जिनिंगमध्ये त्याला घायाळ करते. पेशी तीच, द्रव्य तेच. भेद वयाचा, मात्रेचा आणि काळाचा. पेशींची यादी पाठ केल्याने हा भेद कळत नाही.

रात्री खोकणाऱ्या तरुणाविषयी रूढ उपपत्ती सर्वांत धोकादायक ठरते, कारण तेथे ती अचूक वाटते. घरघर आहे, आय.जी.ई. वाढलेले आहे, इओसिनोफिल तर दर घन मिलिमीटरला तीन हजारांच्याही वर आहेत. साखळीतील प्रत्येक दुवा हजर, म्हणून दमा. परंतु वाइनगार्टेन यांनी १९४३ मध्ये भारतातील रुग्णांवरून ज्याचे वर्णन केले तो उष्णकटिबंधीय इओसिनोफिलिया हाच असू शकतो. हत्तीरोगाच्या जंतांच्या सूक्ष्म पिल्लांविरुद्ध फुप्फुसात उसळलेली ती प्रतिक्रिया होय. पिल्ले फुप्फुसातच अडकत असल्याने रात्रीच्या रक्तातही ती सापडत नाहीत. वर्धा, नागपूर, चंद्रपूर, गडचिरोली हा हत्तीरोगाचा पट्टा यवतमाळला लागूनच आहे, आणि शेजारच्या सेवाग्राम येथे या रोगाच्या प्रतिकारक्षमतेवर दीर्घकाळ संशोधन झालेले आहे. डायएथिलकार्बामाझीन हे स्वस्त औषध तीन आठवडे घेतल्याने हा रुग्ण बहुधा बरा होतो. त्याला दमेकरी ठरवून केवळ स्टेरॉइड दिले तर इओसिनोफिल तात्पुरते ओसरतील, डॉक्टराचे समाधान होईल, आणि फुप्फुस हळूहळू तंतुमय होत जाईल. पेशी तीच असून आरंभ निराळा असल्यामुळे औषध संपूर्ण बदलते, याहून स्पष्ट उदाहरण मिळणे कठीण.

चौथ्या रुग्णात तर प्रतिकारक पेशींचा प्रथमदर्शनी संबंधच नाही. २०१७ मध्ये फवारणीच्या विषबाधेने यवतमाळ जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. या कामी वापरात असलेल्या विषांपैकी ऑर्गॅनोफॉस्फेट वर्गातील द्रव्ये ॲसिटिलकोलीनचे विघटन थांबवितात. मज्जातंतूंचा संदेश संपतच नाही. स्नायू आवळलेले राहतात, स्राव वाहत राहतो, छाती वाजते. तेथे ॲट्रोपीन हवे. इनहेलरवर विसंबून राहण्यात प्राण जाण्याची भीती. कमी मात्रेतही ही द्रव्ये व्हेगस मज्जातंतूच्या टोकावरील लगाम सैल करतात, असे गिनिपिगवरील प्रयोगांत आढळले आहे. आणि इओसिनोफिलमधील एक प्रथिन नेमका तोच लगाम सैल करते हेही आढळले आहे. दोन निराळे आरंभ एकाच ठिकाणी येऊन मिळतात तो हा असा.

(८)

या सर्व विवेचनात भाषेचा प्रश्न गौण नाही. मराठीत शास्त्र शिकविताना आपण पांढऱ्या पेशींना सैनिक म्हणतो, अभिस्तराला अस्तर म्हणतो आणि अधिहर्षतेला वावडे म्हणतो. तिन्ही शब्द सोपे आहेत आणि तिन्ही थोडीबहुत दिशाभूल करतात. सैनिकाला शत्रू लागतो. दम्यात अनेकदा शत्रू नसतोच. कोटाचे अस्तर केवळ आत शिवलेले कापड असते. ते कोणाला हाक मारीत नाही. वावडे म्हणजे ज्याच्या त्याच्या प्रकृतीचा दोष; या एका शब्दाने चुलीचा धूर, जिनिंगची धूळ आणि फवाऱ्याचे विष हे तिन्ही निर्दोष सुटतात आणि दोष रुग्णाच्या अंगाला चिकटतो. चरकसंहितेत तमकश्वासाचे जे वर्णन आहे त्यात ढगाळ हवा, पाऊस, थंडी व पूर्वेचा वारा यांनी वाढणारा आणि उठून बसल्याने हलका होणारा असा तो रोग सांगितला आहे. त्यातील कारणमीमांसा आज स्वीकारता येणार नाही. पण रुग्णाभोवतीची हवा त्या वर्णनातून सुटलेली नाही, हा त्याचा गुण आपल्या आजच्या पाठांत उरलेला नाही.

(९)

या परीक्षणाचा व्यवहारातील अर्थ काय, हे सांगून थांबावयाचे. २०१९ च्या जागतिक व्याधिभाराच्या अंदाजानुसार भारतात जगातील दमेकऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के आहेत. पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ४२ टक्के भारतात होतात. ही तफावत नव्या प्रतिपिंडरूप औषधांच्या अभावाने झालेली नाही. ती औषधे बाभुळगावच्या मजुराला परवडणारीही नाहीत. श्वासावाटे घ्यावयाचे स्टेरॉइड वेळेवर न मिळणे आणि केवळ नलिका सैल करणाऱ्या औषधावर दिवस काढणे, हे तिचे मोठे कारण आहे. २०१८ च्या एका चाचणीत सौम्य दमेकऱ्यांना गरजेपुरते ब्युडेसोनाइड व फॉर्मोटेरॉल एकत्र दिले असता, केवळ नलिका सैल करणारे औषध घेणाऱ्यांच्या तुलनेने तीव्र झटके ६४ टक्क्यांनी कमी आढळले. पुढच्याच वर्षी ‘जिना’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जागतिक उपक्रमाने नुसत्या साल्ब्युटामॉलवर उपचार न करण्याचा सल्ला दिला. या जोडऔषधाचे सामर्थ्य उपपत्तीच्या दृष्टीनेही अर्थपूर्ण आहे : त्यातील एक द्रव्य अभिस्तर व प्रतिकारक पेशी या दोहोंनाही शांत करते, दुसरे स्नायूला सैल करते. ज्यांनी ते योजले त्यांनी एकाच पेशीवर बोट ठेवले नाही.

परंतु तेही पाचांपैकी प्रत्येकाला पुरे पडणार नाही. म्हणून औषध लिहिण्यापूर्वी रुग्णाला चार साध्या गोष्टी विचारल्याच पाहिजेत : काम कोणते, चूल कोणती, त्रास कोणत्या दिवशी व कोणत्या वेळी वाढतो, आणि फवारणी केव्हा केली. इओसिनोफिलची मोजणी या उत्तरांच्या जोडीने वाचली तरच तिला अर्थ येतो. आपल्या विभागांतून दम्यावर जे प्रबंध लिहिले जातात, त्यांत रुग्णांची विभागणी बहुधा इओसिनोफिल व आय.जी.ई. यांच्या आकड्यांवर केलेली असते. तिच्या जोडीला व्यवसाय, इंधन, ऋतू आणि हत्तीरोगाची तपासणी यांचे रकाने आले, तर यवतमाळ जिल्ह्यातील एक साधा प्रबंधही या उपपत्तीच्या दुरुस्तीस हातभार लावील. कापसाची धूळ, हत्तीरोगाचा जंत, फवाऱ्याचे विष आणि चुलीचा धूर हे चारही जेथे एकाच तालुक्यात भेटतात, तेथील विद्यार्थ्याला अभ्यासाची सामग्री शोधण्यासाठी दूर जाण्याचे कारण नाही.